धमकी आल्यावर पैसा कुठून उभा करायचा?

वाचकांचे प्रश्न

नदीतला वाळूउपसा, ओढ्यात सोडलेलं मळीमिश्रित पाणी, डोंगर पोखरणारे खडी क्रशर यांच्याविरुद्ध उभं राहणाऱ्याला धमकी आली किंवा मारहाण झाली, तर त्याच्या संरक्षणाचा खर्च कोणी आणि कसा करायचा, अशा आशयाची पत्रं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्र पाठवणाऱ्यांची नावं आणि गावं मुद्दाम छापलेली नाहीत, फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न (माण तालुका): नदीपात्रातून रात्री जेसीबी लावून वाळू काढतात. तहसीलदारांकडे लेखी तक्रार केली. आठवड्याने मोटारसायकलपुढे गाडी आडवी घालून ‘पाय मोडून ठेवू’ असा दम दिला. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली आणि कोर्टात जा म्हणाले. अशा वेळी संरक्षणासाठी सरकारी मदत मिळते का?

उत्तर: मिळते, पण त्या मदतीचं दार गुन्हा नोंदवल्यावर उघडतं. एनसीच्या पावतीवर काही हलत नाही. म्हणून आधी तो कागद दुरुस्त करा.

नुसती ‘धमकी दिली’ असं सांगितलं की पोलीस बहुधा अदखलपात्र नोंद करून मोकळे होतात. तुमच्या बाबतीत गाडी आडवी घालून रस्ता अडवला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ प्रमाणे हा अटकाव दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. एकाच घटनेतला एक गुन्हा जरी दखलपात्र असला, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ (४) नुसार सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असतं. पाय मोडण्याची धमकी म्हणजे गंभीर दुखापतीची धमकी. तिला न्याय संहितेच्या कलम ३५१ (३) खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात तो कामाला येईल. तक्रारीत वेळ, जागा, गाडीचा नंबर किंवा रंग, किती माणसं होती, हातात काय होतं आणि नेमके शब्द काय होते, हे सगळं लिहा. आधीच्या वाळूच्या तक्रारीची पोच तिला जोडा. दोन्हींचा संबंध पहिल्या दिवशी कागदावर आला नाही, तर पुढे ‘जुनं भांडण’ किंवा ‘बांधावरचा वाद’ म्हणून प्रकरण गुंडाळलं जातं. बहुतेक तक्रारी इथेच मार खातात.

ठाण्यात गुन्हा घेतला नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) आणि १७५ (३) मध्ये हाच क्रम दिला आहे. अधीक्षकांची पायरी वगळून कोर्टात गेलात तर अर्ज परत येतो.

अधीक्षकांकडे संरक्षणाचा अर्ज वेगळा द्या. ‘संरक्षण मिळावे’ एवढी एक ओळ लिहून भागत नाही. तुमच्या हालचालीतल्या धोक्याच्या वेळा त्यात असाव्यात: डेअरीला जाण्याची वेळ, शेतीपंपाची रात्रपाळी, कोर्टाची तारीख. काय हवं तेही लिहा, म्हणजे रात्रीची गस्त, वस्तीवर भेट, तारखेला सोबत. खासगी व्यक्तीला दिलेल्या पोलीस संरक्षणाचं शुल्क लागू शकतं. म्हणून उत्पन्नाचा दाखला जोडून शुल्कमाफीची मागणी त्याच अर्जात करा.

धमकी देणाऱ्यावर प्रतिबंधक कारवाईही मागता येते. गावाकडे जिला चॅप्टर केस म्हणतात ती आता कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर चालते (ही नागरिक सुरक्षा संहिता, वरच्या न्याय संहितेशी गल्लत करू नका). वारंवार गुन्हे करणाऱ्याला महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली तडीपार करता येतं. शिवाय धोकादायक गुन्हेगारांना स्थानबद्ध करण्याचा १९८१ चा एमपीडीए कायदा २०१५ पासून वाळूतस्करांनाही लागू आहे. त्यात एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. याचा प्रस्ताव पोलीस पाठवतात आणि आदेश जिल्हाधिकारी काढतात. त्या फाइलला दाखल गुन्हेच लागतात, म्हणून पुन्हा तेच सांगावं लागतं: एनसीवर थांबू नका.

वकिलाच्या खर्चासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला असेल, तर कलम १५अ प्रमाणे पीडित आणि साक्षीदारांचा प्रवास व निर्वाहाचा खर्च मागण्याचा हक्क आहे. हा हक्क अर्ज करून मागावा लागतो, आपणहून कोणी देत नाही.

प्रश्न (पाटण तालुका): मारहाणीच्या खटल्यात मी साक्षीदार आहे. साक्ष फिरवण्यासाठी घरी माणसं येतात. साक्षीदाराला काही पैसे मिळतात असं ऐकलं, ते खरं आहे का?

उत्तर: खरं आहे. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ ही सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ रोजी देशभर लागू केली. महाराष्ट्राचा स्वतःचा २०१७ चा कायदाही आहे. पाणलोट, वाळू, जंगल अशा वादात काम करणाऱ्यांसाठी ही सर्वांत भक्कम सरकारी तरतूद आहे आणि तरीही तिचा वापर सर्वांत कमी होतो, असं आमचं मत आहे.

योजनेत फाशी, जन्मठेप किंवा ७ वर्षांपर्यंत व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे येतात. महिलांविरुद्धचे विनयभंगासारखे काही गुन्हेही येतात. अर्ज विहित नमुन्यात करायचा असतो आणि तो जिल्ह्याच्या स्थायी समितीकडे जातो. समितीचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश, सदस्य जिल्ह्याचे पोलीस प्रमुख आणि सदस्य सचिव सरकारी अभियोग विभागाचे जिल्हा प्रमुख असतात. अर्ज याच सदस्य सचिवांकडे द्यायचा. तो पोलीस ठाण्यात दिला तर तिथेच पडून राहतो.

अर्जानंतर उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. त्याला ५ कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे. तोवर थांबणं शक्य नसेल तर अर्जातच ‘अंतरिम संरक्षण’ असे शब्द लिहा, समिती ते तातडीने देऊ शकते. धोक्याचे तीन वर्ग आहेत: जिवाला धोका, सुरक्षितता-प्रतिष्ठा-मालमत्तेला धोका आणि त्रास किंवा दमदाटी. घरी येऊन दबाव आणणं किमान तिसऱ्या वर्गात नक्की बसतं.

मिळतं काय, तर घराला सुरक्षित दार, सीसीटीव्ही, अलार्म, कुंपण, फोन नंबर बदलून देणं, गस्त, कोर्टात नेण्या-आणण्यासाठी सरकारी गाडी, काही काळ नातेवाइकांकडे किंवा जवळच्या शहरात राहण्याची सोय. यातला खर्च साक्षीदार संरक्षण निधीतून होतो. त्यात स्थलांतर, निर्वाह किंवा नवा व्यवसाय सुरू करण्यासाठी अनुदानाचीही तरतूद आहे. आदेश एका वेळी जास्तीत जास्त ३ महिन्यांचा असतो. मुदत संपायच्या किमान १५ दिवस आधी वाढीचा अर्ज द्या, नाहीतर मधल्या पोकळीत गस्त बंद पडते आणि माणसं नेमकी तेव्हाच दारात येतात. तक्रार खोटी ठरली तर खर्च वसूल होतो, म्हणून घडलं तेवढंच लिहा.

प्रश्न (मिरज तालुका): परदेशातल्या संस्था पर्यावरण कार्यकर्त्यांना तातडीचं अनुदान देतात. आमच्या गटातल्या कार्यकर्त्याच्या खात्यावर ते मागवलं तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. घाई केलीत तर ज्याला वाचवायचं त्याच्यावरच गुन्हा दाखल होईल.

असे निधी खरोखर आहेत. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या नोंदीनुसार २०१२ ते २०२३ या काळात जगात जमीन आणि पर्यावरण राखणाऱ्या २,१०० हून अधिक लोकांच्या हत्या झाल्या. एकट्या २०२३ मध्ये १९६ झाल्या. या पार्श्वभूमीवर डब्लिनची फ्रंट लाइन डिफेंडर्स ही संस्था ७,५०० युरोपर्यंत संरक्षण अनुदान देते. युरोपीय संघाच्या पैशावर २०१५ पासून प्रोटेक्ट डिफेंडर्स ही यंत्रणा चालते. अर्ज साधे असतात आणि निर्णय लवकर होतात. अडचण आपल्या बाजूला आहे.

परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० प्रमाणे सामाजिक कामासाठी परदेशी पैसा घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि मागच्या ३ वर्षांत तिने मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. ‘पुण्यातल्या मोठ्या संस्थेच्या खात्यावर मागवू आणि आपल्याकडे वळवू’ ही वाट तेव्हापासून बंद आहे. उल्लंघनाला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. वार्ताहर, संपादक, सरकारी नोकर आणि निवडून आलेले लोकप्रतिनिधी, अगदी ग्रामपंचायत सदस्यसुद्धा, यांना हा पैसा घेताच येत नाही. तुमच्या गटात सरपंच किंवा सदस्य असेल तर हे आधी तपासा.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. गावचा मुलगा दुबईत किंवा अमेरिकेत आहे आणि त्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय अंशदान ठरत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती ठरते. देणगीदाराकडून पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा.

पैशाशिवायची मदत बिनधास्त मागा. फोन आणि ईमेलच्या सुरक्षेचा सल्ला घेता येतो, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क रक्षकांविषयीच्या विशेष प्रतिनिधींना पत्र लिहिता येतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात अशा कार्यकर्त्यांसाठी स्वतंत्र संपर्क कक्ष आहे. तिथे तक्रारीला शुल्क नाही, फक्त घटनेपासून एका वर्षाच्या आत ती करावी लागते. आयोगाची नोटीस आली की जिल्ह्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. कित्येकदा त्या एका पत्राचा उपयोग कॅमेऱ्यापेक्षा जास्त होतो.

प्रश्न (खानापूर तालुका): मग गावपातळीवरच निधी उभारायचा ठरवलं आहे. किती रुपये, कोणाच्या नावावर, कोणत्या नियमाने?

उत्तर: हा निर्णय योग्य आहे. हल्ल्यानंतरचे पहिले ७२ तास सर्वांत महागाचे असतात आणि त्या वेळात बाहेरचा कुठलाच पैसा पोचत नाही. दवाखान्याची अनामत, गाडीभाडं, वकिलाची पहिली फी, घरच्यांना दुसरीकडे हलवणं, हे सगळं पहिल्या तीन दिवसांत येऊन पडतं.

चार-पाच गावांच्या गटाने ३ लाख रुपयांचं लक्ष्य ठेवावं. २५० जणांनी महिन्याला १०० रुपये दिले तर वर्षात तेवढे जमतात. तुमच्या भागातली गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त देशभर पसरलेली माणसं, मुंबईत माथाडीत असलेले गाववाले, हे नियमित देणारे ठरू शकतात. मोठी एकरकमी देणगी टाळा. ज्या ठेकेदाराशी वाद नाही असा दुसरा ठेकेदार पैसे द्यायला येतो, कारण त्याला स्पर्धक नको असतो. निवडणुकीच्या आधी उमेदवार येतो. दोघांनाही नम्रपणे नाही म्हणा. निधी कोणाचा, हा प्रश्न कोर्टात पहिला विचारला जातो.

रकमेची विभागणी साधारण अशी ठेवा. २५ हजार तातडीचे, त्यातले १० हजार रोख दोन वेगवेगळ्या घरांत. कोर्टकामाला ७५ हजार. एका कुटुंबाला ३ महिने दुसरीकडे राहण्यासाठी ६० हजार. घर आणि वस्तीच्या सुरक्षेला ५० हजार. उरलेले ९० हजार मुदत ठेवीत, हात न लावता. तिसऱ्या महिन्यात दुसरी घटना घडली तर हीच ठेव निधी तगवते.

ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या खात्यावर वर्गणी कधीही गोळा करू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम आली तर ती त्याचं करपात्र उत्पन्न ठरते, ही एक बाजू. दुसरी बाजू जास्त घातक आहे: विरोधक त्याच जमा नोंदी दाखवून ‘हा आंदोलनाच्या नावाखाली खंडणी गोळा करतो’ अशी तक्रार देतात. गटाच्या नावाने वेगळं खातं काढा. सही करणारे तीन, त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार. तिघांपैकी एक जण दुसऱ्या तालुक्यातला असावा, म्हणजे एकाच रात्री तिघांवर दबाव येणार नाही.

नोंदणीकृत ट्रस्ट नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच ही, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची. ती ठरावीक मुदतीची असते आणि शेवटी हिशेब द्यावा लागतो. काम वर्षानुवर्षं चालणार असेल तर सरळ ट्रस्ट नोंदवा. पुढे ८० जीची (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी) मान्यता मिळाली तरी २ हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून बँकेतून किंवा यूपीआयने पैसे घ्यायची सवय लावा.

नियम एका पानात बसावेत. तातडीची रक्कम दोघांच्या फोनवरच्या संमतीने तीन तासांत द्यायची, कागद सात दिवसांत पुरा करायचा. हिशेब दर तीन महिन्यांनी गावात वाचायचा, पण ‘स्थलांतर खर्च’ एवढंच वाचायचं. कुटुंब कुठे राहतं ते वाचायचं नाही आणि भाड्याची पावती फायलीत बंद ठेवायची.

आता चुकतं कुठे ते सांगतो. पैसा फ्लेक्स, मोर्चाचं जेवण आणि सत्कारात जातो. ती कामं वाईट नाहीत, पण त्यांची वर्गणी वेगळी करा. दुसरी चूक स्थलांतरात होते. माणसाला कोल्हापूरला किंवा पुण्याला खोली घेऊन देतात आणि तिसऱ्या दिवशी तो परत येतो, कारण घरी दोन म्हशी आहेत आणि धार दोन वेळा काढावीच लागते. तेव्हा खोलीभाड्याबरोबर गड्याची मजुरी, वैरण आणि पाणी पाजायला येणाऱ्याचं पेट्रोल धरलंच पाहिजे. त्याशिवाय स्थलांतर टिकत नाही. तिसरी चूक रात्रीच्या पंपाची. शेतीची वीज रात्री येते, माणूस एकटा विहिरीवर जातो आणि हल्लेखोराला वेळ शोधावी लागत नाही. काही हजारांत येणारा मोबाईल स्टार्टर बसवला तर पंप घरातून चालू-बंद होतो. सुरक्षेच्या यादीत आम्ही त्याला कॅमेऱ्याच्या वर ठेवू.

प्रश्न (जत तालुका): माझे पती ओढ्यातल्या सांडपाण्याविरुद्ध तक्रारी करतात. त्यांना काही झालं तर घर कसं चालणार, ही काळजी वाटते. विमा मिळतो का?

उत्तर: ताई, तुमची काळजी अगदी खरी आहे आणि दोन गोष्टी तुम्ही याच आठवड्यात बँकेत जाऊन करू शकता. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण आहे, वय १८ ते ७०. त्यात हत्येमुळे आलेला मृत्यूही धरला जातो. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाच्या मृत्यूला २ लाख आहेत, प्रवेशाचं वय १८ ते ५०. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर विमा गुपचूप बंद पडतो, दावे फेटाळले जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. वारस म्हणून तुमचं नाव लावलंय का, ते पासबुक घेऊन तपासा.

मारहाण झालीच तर दवाखान्यात ‘एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदवा’ असं स्पष्ट सांगा. पडून लागलं असं कोणालाही लिहू देऊ नका. पोलीस आले नाहीत म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. सातबारा, विम्याची पावती, तक्रारींच्या पोचा, वकिलाचा नंबर यांचा एक संच माहेरी किंवा विश्वासू नातेवाइकाकडे ठेवा.

प्रश्न (वाळवा तालुका): घराला चार कॅमेरे बसवतोय. काय पाहावं?

उत्तर: रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, हल्लेखोर तो आधी उचलतात. कपाटात कुलपात ठेवा आणि त्याला इन्व्हर्टरची लाइन द्या. दोन मेगापिक्सेलच्या चार कॅमेऱ्यांना १ टीबी डिस्कवर साधारण ११ ते २० दिवसांचं चित्रण राहतं, मग जुनं पुसलं जातं. म्हणून घटना घडली की त्याच दिवशी प्रत काढा आणि मूळ डिस्क पोलिसांना पंचनामा करून द्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय ते चित्रण पुराव्यात टिकत नाही. एक कॅमेरा रस्त्याकडे, गाडीचा नंबर वाचता येईल इतक्या खाली लावा. छतावरून फक्त डोकी दिसतात.

प्रश्न (कराड तालुका): मी दैनिकाला बातम्या देतो. नदीप्रदूषणाच्या बातमीवरून मारहाण झाली. वेगळा कायदा आहे ना?

उत्तर: आहे, २०१७ चा प्रसारमाध्यमांवरील हल्ल्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. पण त्याचा लाभ नियमित किंवा कंत्राटी नेमणूक असलेल्या पत्रकाराला मिळतो. दैनिकाकडून नेमणुकीचं पत्र आजच घ्या, हल्ल्यानंतर ते देताना मालक कचरतात.

प्रश्न (वाई तालुका): डोंगरफोडीची माहिती माहितीच्या अधिकारात मागितली की दोन दिवसांत नाव-पत्ता क्रशरवाल्याकडे पोचतो. काय करावं?

उत्तर: तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली, तेव्हापासून हा प्रश्न महाराष्ट्रासमोर उभा आहे. माहिती उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, पण तो अमलात आणलेला नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

अर्जात कारण देण्याची गरज नाही, माहिती अधिकार कायद्याचं कलम ६ (२) तसं स्पष्ट सांगतं. घरच्या पत्त्याऐवजी पोस्टाच्या बॉक्सचा नंबर देता येतो. पोस्टात अर्ज करून तो भाड्याने घ्या. त्याहून उपयोगी उपाय म्हणजे तोच अर्ज, तेच शब्द, पाच वेगवेगळ्या तालुक्यांतून पाच जणांनी करणं. खर्च प्रत्येकी १० रुपये. एकाला गप्प करून माहिती थांबत नाही हे समोरच्याला कळलं की एकावर हल्ला करण्याचं कारणच उरत नाही. मिळालेली कागदपत्रं घरात साठवू नका, आलेल्या दिवशीच पाचही जणांकडे आणि वकिलाकडे प्रती पाठवा.

अर्जावरून क्रशरवाल्याशी फोनवर बोलू नका, चहालाही भेटू नका. ‘माहितीचा अर्ज मागे घेण्यासाठी पैसे मागितले’ असा खंडणीचा गुन्हा अशाच भेटीनंतर दाखल होतो. त्याने बोलावलंच तर लेखी कळवा की जे सांगायचं ते माहिती अधिकाऱ्यांना सांगा, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा. गुन्ह्याची कुणकुण लागली तर अटकेची वाट न पाहता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. गावनिधीतले कोर्टकामाचे ७५ हजार ठेवायचे ते यासाठीच, कारण हा अर्ज बहुधा शुक्रवारी दुपारी, ऐनवेळी करावा लागतो आणि वकील उधारीवर उभा राहत नाही.